वासाची वाट



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून आपण पुष्कळ थोर विषय ऐकता. इतिहास होतो, अर्थकारण होते, संतवाङ्मय तर ठरलेलेच. त्यांच्या पंगतीत आज मी जो विषय घेऊन उभा आहे, त्याचे नाव कार्यक्रमपत्रिकेत वाचून काहींना हसू आले असेल, आणि काहींनी खबरदारी म्हणून रुमालही बरोबर आणला असेल. फ्लॅटमधल्या एखाद्या खोलीत नको असलेला वास येतो. तो कोठून येतो, त्याचा शोध कसा घ्यावा आणि तो बंद कसा करावा, एवढाच माझा विषय. पण ह्या एवढ्याशा गोष्टीपायी शेजाऱ्या-शेजाऱ्यांमधली बोलणी बंद पडलेली मी पाहिली आहेत. एकदा तर तो अपराध माझ्याच हातून घडला. तेव्हा प्रथम त्याची कबुली देतो आणि मग विषयाकडे वळतो.

एका उन्हाळ्यात आम्ही उभयता मुलीकडे तीन आठवडे राहून मे महिन्याच्या मध्यास सोलापुरास परतलो. कुलूप काढून आत पाऊल टाकतो तो मागच्या खोलीतून सडका वास! खिडक्या उघडल्या, फिनेल टाकले, उदबत्त्या लावल्या. दोन तास बरे वाटले आणि रात्री वास पुन्हा हजर. त्या खोलीची न्हाणीघराची खिडकी इमारतीच्या डक्टमध्ये उघडते आणि बरोबर खाली दुसऱ्या एका कुटुंबाचे स्वयंपाकघर आहे. त्यांची घरची भाषा वेगळी, खाणेपिणे वेगळे. मी मनाशी निदान करून टाकले : सुकट नाही तर बोंबील! दुसऱ्या दिवशी जिन्यात त्या घरच्या बाई भेटल्या, तेव्हा आवाजात शक्य तेवढा गोडवा आणून मी म्हणालो, “वहिनी, स्वयंपाक करताना डक्टची खिडकी लावून घेत चला ना.” त्या क्षणभर माझ्याकडे बघत राहिल्या आणि शांतपणे म्हणाल्या, “काका, आम्ही काल रात्रीच गावाहून आलो. आठ दिवस घरात गॅस पेटलेला नाही.”

संध्याकाळी प्लंबर आला. त्याने कोठेही नाक लावले नाही. सरळ न्हाणीघरात गेला, कोपऱ्यातली जाळी उचलली, बॅटरीचा प्रकाश आत टाकला आणि म्हणाला, “काका, ट्रॅप कोरडा पडलाय.” मग त्याने बादलीतले दोन मग पाणी त्या भोकात ओतले आणि जाळी बसविली. रात्री वास नव्हता. आमच्या घरच्या वासाचा आरोप मी दुसऱ्याच्या चुलीवर ठेवला होता, आणि त्याचे उत्तर दोन मग पाण्यात होते.

ह्या फजितीतून मला जो धडा मिळाला तो असा : वास आला की आपण पहिला प्रश्न विचारतो, “हा वास कोणाचा?” विचारावयास हवा तो प्रश्न, “हा वास कोणत्या वाटेने आला?”

वाड्यातून फ्लॅटमध्ये

आपल्या वाडवडिलांना हा प्रश्न अशा रूपात पडला नाही, ह्याचे कारण त्यांची घरे. जुन्या वाड्यात न्हाणी मागच्या अंगाला, संडास परसाच्या टोकाला, स्वयंपाकघर मध्ये, आणि माथ्यावर उघडा चौक. वासाला घरात यावयाचे तर अंगण ओलांडून यावे लागे. पण ह्या व्यवस्थेचे गोडवे गाताना एक गोष्ट विसरू नये. ते संडास टोपलीचे होते आणि मागच्या बोळातून येऊन ती टोपली उचलणारी माणसे ठरावीक जातींची होती. आपण वास घराबाहेर ठेवला, तो दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवून. सोलापुरात नगरपालिका 1852 साली स्थापन झाली, 1877 साली पहिली कापडगिरणी निघाली, गिरण्यांभोवती चाळी उठल्या. तेथे संडास सामाईक आणि नळही सामाईक.

फ्लॅटने ह्यातून आपली सुटका केली, ही मोठीच गोष्ट झाली. परंतु तिची एक किंमत आहे. संडास, न्हाणी, मोरी आणि स्वयंपाकघर ही सर्व आता एकाच छपराखाली, एकमेकांपासून चार पावलांवर आली; आणि त्यांतील प्रत्येक भोक एका नळीने इमारतीच्या सांडपाण्याच्या मोठ्या नळाला व पुढे गटाराला किंवा सेप्टिक टँकला जोडलेले आहे. म्हणजे आपली निजण्याची खोली आणि गटार ह्यांच्यामध्ये आता अंगण नाही. आहे तो फक्त थोड्या पाण्याचा पडदा.

नाक आणि त्याचे दुबळेपण

वास म्हणजे पदार्थापासून सुटलेले अतिसूक्ष्म कण, म्हणजे रेणू. ते हवेबरोबर नाकात शिरतात व तेथील संवेदक पेशींना चिकटतात. माणसाच्या नाकात असे सुमारे 400 प्रकारचे संवेदक काम करतात. ह्यांच्या कुळाचा शोध लावल्याबद्दल रिचर्ड ॲक्सेल आणि लिंडा बक ह्यांना 2004 सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. गटारातून येणारा सडक्या अंड्यासारखा वास मुख्यतः हायड्रोजन सल्फाइड ह्या वायूचा. हवेच्या कोट्यवधी भागांत त्याचे थोडेसे भाग असले तरी नाक त्याची वर्दी देते.

असे हे तीक्ष्ण इंद्रिय एका बाबतीत मात्र फार लवकर थकते. एकच वास सतत आला की काही मिनिटांत नाक त्याची नोंद घेणे सोडून देते. म्हणूनच आपल्या घरचा वास आपल्याला येत नाही, तो पाहुण्याला येतो. शोध घ्यावयाचा असेल तर आधी अर्धा तास बाहेर मोकळ्या हवेत फिरून यावे आणि दार उघडताच पहिल्या दोन श्वासांत जे कळेल त्यावर विश्वास ठेवावा.

एकोणिसाव्या शतकात युरोपातील शहाण्यासुरत्या लोकांची समजूत होती की, दुर्गंध हाच रोग निर्माण करतो. 1854 साली लंडनमध्ये डॉ. जॉन स्नो ह्यांनी दाखविले की पटकी पाण्यावाटे पसरते. पण ते फारसे कोणाला पटले नाही. मग 1858 सालच्या कडक उन्हाळ्यात थेम्स नदीला अशी काही घाण सुटली की, नदीकाठच्या पार्लमेंटात बसणे सभासदांना असह्य झाले. तेव्हा कोठे शहराच्या मोठ्या गटारांसाठी पैसा मंजूर झाला आणि जोसेफ बॅझलगेट ह्या इंजिनियराने ती बांधली. दुर्गंधामुळे पटकी होते हे खोटे होते. पण दुर्गंध हटविण्यासाठी बांधलेल्या गटारांनी घाण पाणी पिण्याच्या पाण्यापासून दूर नेले आणि पटकी मात्र खरोखरच हटली. वास हा रोग नव्हे, पण कोठेतरी काहीतरी वाहावयाचे ते नीट वाहत नाही, ह्याची ती सूचना आहे.

वास चालतो हवेच्या पायांनी

आता मुख्य मुद्दा. वासाला स्वतःचे पाय नाहीत. तो बहुतेक हवेबरोबर जातो, आणि हवा जास्त दाबाकडून कमी दाबाकडे जाते. म्हणून घरातल्या हवेचे येणेजाणे ज्याला कळले, त्याला वासाची वाट निम्मी सापडली.

संडासातला एक्झॉस्टचा पंखा घ्या. तो हवा बाहेर फेकतो. फेकलेल्या हवेच्या जागी तेवढीच हवा कोठून तरी आत यावीच लागते. खिडक्या उघड्या असल्या तर ती खिडकीतून येते. त्या घट्ट लावलेल्या असल्या तर ती दाराच्या फटीतून, डक्टमधून, नाही तर जाळीच्या भोकातून ओढली जाते. म्हणजे वास घालविण्यासाठी लावलेला पंखाच वास आत आणतो! स्वयंपाकघरातील चिमणीचेही तसेच.

दुसरी ओढ उष्णतेची. गरम हवा हलकी होऊन वर चढते. दिवसभर तापलेला आपला स्लॅब रात्री घर तापवितो, बाहेर मात्र हवा निवलेली असते. अशा वेळी वरच्या फटींतून गरम हवा निसटते आणि खालच्या भोकांतून तिची जागा भरली जाते. दिवसा न येणारा वास पुष्कळदा रात्री येतो त्याचे हे एक कारण.

आपल्याकडे उन्हाळ्यात घरोघरी कूलर लागतो, त्याचाही विचार करावा. कूलर बाहेरची हवा आत ढकलतो, त्यामुळे खोलीतला दाब किंचित वाढतो आणि जाळीतून येणारा वास उलट दबतो. परंतु तोच कूलर डक्टच्या खिडकीत बसविला तर साऱ्या इमारतीच्या न्हाणीघरांची हवा आपण वाळ्यातून गाळून घेतो, आणि गाळल्याने वास जात नाही. टाकीतले पाणी आठ-आठ दिवस बदलले नाही तर कूलर स्वतःचाच वास देतो. वातानुकूलन यंत्राची गोष्ट निराळी. घरगुती यंत्र बहुधा खोलीतलीच हवा फिरविते. पण त्यातून ठिबकणाऱ्या पाण्याची नळी कोणी सरळ सांडपाण्याच्या नळात खुपसलेली असेल, तर गटाराची हवा त्या नळीने थेट उशाशी येते.

दोन बोटे पाणी

आता त्या पाण्याच्या पडद्याकडे येऊ. 1775 साली लंडनमधल्या अलेक्झांडर कमिंग ह्या घड्याळजीने संडासाच्या नळीला वळण देण्याच्या कल्पनेचे पेटंट घेतले. नळी खाली जाऊन वर वळते आणि पुन्हा खाली उतरते. खालच्या वळणात थोडे पाणी कायम साचून राहते. सांडपाणी त्यातून पुढे जाते, पण मागून येणाऱ्या हवेला ते पाणी ओलांडता येत नाही. अडीचशे वर्षे होत आली, परंतु ह्यापेक्षा सोपी व स्वस्त युक्ती अद्याप कोणाला सुचलेली नाही. न्हाणीच्या जाळीखालच्या ट्रॅपला आपल्याकडचे इंजिनियर आणि प्लंबर ‘नहाणी ट्रॅप’ म्हणतात. परदेशी विद्येच्या त्या शब्दसंग्रहात आपली न्हाणी अशी मानाने जाऊन बसली आहे.

चांगल्या ट्रॅपमध्ये पाण्याचा हा पडदा सुमारे 50 मिलिमीटर, म्हणजे दोन-अडीच बोटे खोल असतो. स्वस्तातल्या वाटीच्या जाळ्यांमध्ये तो बोटभरही नसतो. आणि आपले सोलापूर! वैशाखात पारा 40 अंशांच्या पुढे, हवा कोरडी ठणठणीत. पाहुण्यांसाठी राखलेली न्हाणी, न वापरलेले बेसिन, गॅलरीतली मोरी, ह्यांच्या ट्रॅपमधले पाणी काही आठवड्यांत उडून जाते. त्यातून शहराच्या अनेक भागांनी काही दिवसांआड पाणी येण्याची वर्षे पाहिलेली. तेव्हा जाळीत उगीच पाणी ओतावे असे कोणाच्या मनात येणार? कोकणातल्या माणसाला जे पावसाळी हवा फुकट देते, ते आपल्याला आठवणीने करावे लागते.

पाणी उडण्याखेरीज हा पडदा आणखी चार कारणांनी फाटतो. पहिले, वरच्या मजल्यावर जोराने पाणी सोडले की मोठ्या नळात ते घसरत जाताना मागे ओढ निर्माण होते आणि खालच्या ट्रॅपमधले पाणी चुळकन ओढले जाते. हे होऊ नये म्हणून मोठा नळ गच्चीच्या वर उघडा ठेवलेला असतो. त्याचे तोंड कोणी कबुतरांच्या त्रासाने बुजविले, किंवा गच्चीची दुरुस्ती करताना मोडले, की तक्रारी चौथ्या मजल्यापासून पहिल्यापर्यंत सुरू होतात. दुसरे, जाळीत केस अडकून त्यांची वात होते आणि दिव्यातले तेल वातीने चढावे तसे पाणी पलीकडे झिरपून जाते. तिसरे, ट्रॅपलाच चीर गेलेली असते. आणि चौथे, जे सर्वांत अधिक आढळते : पाणी लवकर निघावे म्हणून जाळीखालची वाटी कोणीतरी काढून फेकलेली असते, किंवा बेसिनची आणि कपडे धुण्याच्या यंत्राची मऊ नळी भोकात नुसती सोडून दिलेली असते. नळी बारीक, भोक मोठे. मधली फट वासाला मोकळी.

शोध कसा घ्यावा

शोधाची रीत चिकाटीची आहे, अवघड नाही. प्रथम दोन-तीन दिवस वेळा टिपून ठेवाव्यात. वास पहाटे येतो की रात्री? पंखा लावल्यावर की बंद केल्यावर? वरच्यांनी पाणी सोडल्यावर? जातही ओळखावी. सडक्या अंड्याचा असेल तर गटार. कुबट मातकट असेल तर ओल किंवा बुरशी. फोडणीचा, धुराचा, तंबाखूचा असेल तर डक्ट किंवा दाराची फट. जळक्या प्लास्टिकचा असेल तर शोध पुरे, मुख्य बटण बंद करून वायरमनला बोलवावे.

मग खोलीच्या खिडक्या लावून एक्झॉस्टचा पंखा चालू करावा आणि मऊ कागदाची बारीक पट्टी दोऱ्याला बांधून एकेका फटीजवळ धरावी. दाराखाली, खिडकीच्या चौकटीशी, जाळीवर, भिंतीतून नळी जाते तेथे, विजेच्या बोर्डाच्या कडेला. पट्टी जेथे आत झुकेल तेथून हवा येत आहे. उदबत्तीच्या धुरानेही हे दिसते. पण गॅसच्या वासाची यत्किंचितही शंका असेल तर उदबत्ती, काडी, काहीही पेटवू नये.

शेवटची परीक्षा रात्रीची. प्लास्टिकच्या पिशवीत पाणी भरून तोंड घट्ट बांधावे आणि ती पिशवी जाळीवर ठेवावी. ती स्वतःच्या वजनाने भोकावर चपखल बसते. एका रात्री एक जाळी, दुसऱ्या रात्री दुसरी. ज्या रात्री वास आला नाही, त्या रात्री झाकलेले भोक गुन्हेगार. पूर्वी विलायतेतील तपासनीस गच्चीवरच्या नळात पेपरमिंटचे तेल व गरम पाणी ओतीत आणि दुसरा मनुष्य खाली खोल्याखोल्यांतून हुंगत फिरे. जेथे पेपरमिंट दरवळला तेथे नळ फुटलेला. तेल ओतणाऱ्याने मात्र खाली यावयाचे नाही, नाही तर त्याच्या कपड्यांचाच वास सगळीकडे!

बंदोबस्त

वाट सापडली की ती बुजविणे बहुधा स्वस्त असते. न वापरलेल्या प्रत्येक जाळीत आणि बेसिनमध्ये आठवड्यातून एकदा दोन मग पाणी ओतावे. ते पिण्याचे पाणी असावे लागत नाही. भाजी धुतलेले, तांदूळ धुतलेले, पाणी शुद्ध करण्याच्या यंत्राने टाकून दिलेले, कोणतेही चालते. ट्रॅपला सोवळेओवळे नाही. गावाला जाताना पाण्यावर चमचाभर खाण्याचे तेल सोडावे. तेलाचा पापुद्रा पाणी उडू देत नाही. जाळीखालची वाटी परत बसवावी, नळीभोवती रबराचे कडे लावावे, केस काढावेत. पंखा लावताना एखादी खिडकी चार बोटे उघडी ठेवावी, म्हणजे हवा चांगल्या वाटेने येईल. पंखा बंद असताना आपोआप मिटणारी पट्ट्यांची झडप त्याला असावी. इतके करूनही वास राहिला, तर दोष बहुधा गच्चीवरच्या हवेच्या नळात, डक्टमध्ये किंवा भिंतीतल्या चिरलेल्या नळात असतो. तो एकट्याच्या हातचा नव्हे, सोसायटीच्या सभेत मांडण्याचा आहे.

उदबत्ती, कापूर, सुगंधी फवारे ह्यांनी वास झाकतो, जात नाही. आणि एक कळकळीची सूचना : जाळी साफ करताना ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र करू नका. त्यातून क्लोरीन वायू सुटतो. बंद न्हाणीघरात तो जीवघेणा ठरू शकतो.

जेव्हा नाकावर विसंबू नये

स्वयंपाकाच्या गॅसला मूळचा वास जवळजवळ नाही. गळती कळावी म्हणून त्यात मर्केप्टन नावाचे उग्र द्रव्य मुद्दाम मिसळतात. सिलिंडरमधला हा गॅस हवेपेक्षा जड, म्हणून तो जमिनीलगत साचतो. त्याचा वास आला तर विजेचे कोणतेही बटण दाबू नये, चालू असलेले बंदही करू नये. रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात, सर्वांनी बाहेर पडावे आणि 1906 ह्या क्रमांकावर कळवावे. याउलट कार्बन मोनॉक्साइडला वासच नाही. बंद न्हाणीघरात गॅसचा गीझर चालविणे म्हणूनच धोक्याचे. तेथे नाक काहीही सांगणार नाही.

आणि हायड्रोजन सल्फाइड? थोडा असताना नाकाला झोंबणारा हा वायू फार झाला की नाकालाच बधिर करतो. वास थांबला, म्हणजे धोका टळला असे माणसाला वाटते, आणि तो कोसळतो. सेप्टिक टँकमध्ये उतरलेली माणसे, आणि त्यांना वाचवावयास मागोमाग उतरलेली माणसे, अशीच जातात. 2013 सालच्या कायद्याने संरक्षक साधनांवाचून माणसाला त्यात उतरविणे हा गुन्हा ठरविला आहे. आपल्या सोसायटीची टाकी तुंबली तर यंत्राची गाडी बोलवावी. “जरा उतरून बघ” हे शब्द कोणाच्याही तोंडून निघता कामा नयेत. टोपली गेली, तिच्या जागी टाकी येऊ देऊ नये.

शेवटी शेजाऱ्याविषयी

मंडळी, आपले सोलापूर मराठी बोलते, कानडी बोलते, तेलुगू बोलते, उर्दू बोलते. एकाच जिन्याने चार भाषा आणि चार स्वयंपाक वर चढतात. कोणाच्या घरी लसूण घालून शेंगांची चटणी कुटतात, कोणाच्या घरी मासळी तळतात, कोणाच्या घरी विड्या वळण्यासाठी तंबाखू आलेली असते. शेजाऱ्याच्या चुलीचा वास हा त्याच्या जगण्याचा वास आहे. तो तासाभरात विरतो आणि त्याला विरू द्यावे. जो वास विरत नाही, दिवस-रात्र घुटमळतो, तो बहुधा आपल्याच भिंतीत, आपल्याच जाळीत असतो.

दुसऱ्या दिवशी मी खाली जाऊन त्या वहिनींची क्षमा मागितली. त्या हसल्या. म्हणाल्या, “काका, आमच्याही मागच्या खोलीत तसाच वास येतो हो. आम्हांला वाटायचं, तुमच्याकडून येतो.” मी परत वर गेलो आणि एक मग घेऊन आलो.